सहा खुर्च्या आणि एक चेंडू : कमी दिसणाऱ्या, कमी ऐकू येणाऱ्या माजी सैनिकांच्या बैठकीबद्दल

बाबांना काहीही विचारलं की ते "हो" म्हणायचे. चहा घेणार का? हो. बँकेत जाऊन आलात का? हो. डोकं दुखतंय का? हो. इंदूरच्या सुदामानगरातल्या आमच्या घरात हे वर्षभर चाललं होतं आणि आम्ही सगळे समजत होतो की वयानं बाबा मवाळ झालेत. खरं तर प्रश्न त्यांच्यापर्यंत पोहोचतच नव्हता. तोफखान्यात अठ्ठावीस वर्षं काढून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस. पलटणीत हुकूम नीट ऐकू आला नाही तरी तोंडातून आधी "जी साहब" निघायचं. समोर कोणीतरी बोलतंय एवढं जाणवलं की तीच सवय आता मराठीत बाहेर पडत होती.

इंदूर आणि शेजारचं महू मिळून माजी सैनिकांची इकडे मोठी वस्ती आहे. महूचं सरकारी नाव २००३ पासून डॉ. आंबेडकर नगर झालं, पण सर्वटे बसस्टँडवर आजही "महू, महू" अशीच हाक ऐकू येते. लष्कराचं इन्फन्ट्री स्कूल तिथलंच. नोकरीत तिथे येऊन गेलेले पुष्कळ जण पेन्शनीत याच भागात घर बांधून राहिले. १९७१ च्या लढाईत जे विशीत होते ते आज पंच्याहत्तरीच्या आसपास आहेत. त्यांच्यातल्या अनेकांचे कान नोकरीनं घेतले आणि डोळे वयानं. हे दोन्ही एकाच माणसाचं झालं की काय होतं आणि त्यावर चार म्हाताऱ्या फौजींनी एकत्र बसण्याचा काय उपयोग, हे मला समजायला फार वेळ लागला. तुम्हाला तेवढा लागू नये म्हणून लिहिते आहे.

आधी कान. रायफलीची गोळी सुटते तेव्हा कानाजवळ साधारण १५० ते १६० डेसिबल आवाज होतो, तोफेचा त्याहून जास्त. कारखान्यात आठ तास काम करणाऱ्यासाठी ८५ डेसिबल ही धोक्याची रेषा मानतात. डेसिबलचं माप असं आहे की दर १० नी आवाजाची ताकद दहापट होते. म्हणजे ८५ आणि १५५ यांच्यात एक कोटी पटीचं अंतर आलं. बाबांच्या वेळी कानात कापसाचा बोळा घालायला मिळाला तर मिळाला. आतल्या कानात शंखासारख्या वळलेल्या नळीत बारीक केसांच्या पेशी असतात, आवाजाची लहर त्याच पकडतात, आणि माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजानं पहिल्यांदा जातात त्या उंच पट्टीचे आवाज पकडणाऱ्या, ४००० हर्ट्झच्या आसपासच्या.

आता आपली भाषा बघा. आ, ओ, ऊ हे स्वर आणि म, न यांचा आवाज जाड, खालच्या पट्टीतला. स, श, फ यांची फुंकर उंच पट्टीतली आणि आधीच दुबळी. म्हणून अशा माणसाला आवाज येतो पण शब्द येत नाही. तुम्ही ओरडलात तर स्वर तेवढा मोठा होतो, 'स' होता तिथेच राहतो, आणि वर चेहरा रागावल्यासारखा दिसतो.

इथे डोळे मदतीला धावतात. 'फार' आणि 'सार' यांतला फरक थकलेल्या कानाला कळत नाही, पण 'फ' म्हणताना ओठ हलतात, ते दिसतं. उलट 'पान' आणि 'मान' म्हणताना ओठ अगदी सारखे मिटतात, डोळ्याला काहीच कळत नाही. तिथे 'म'चा जाड आवाज उरलेल्या कानाला पुरतो. कान आणि डोळे अशी एकमेकांची उणीव भरून काढत असतात. बाबा पंधरा वर्षं ओठ वाचत होते आणि हे त्यांनाही माहीत नव्हतं. आम्ही म्हणायचो, "चष्मा लावला की बाबांना नीट ऐकू येतं." ते शब्दशः खरं होतं.

मग डोळे गेले. डोळे जायच्या तऱ्हा वेगवेगळ्या असतात आणि हे समजून घेणं फार गरजेचं आहे, कारण बैठकीत कोणाला कुठे बसवायचं ते त्यावरूनच ठरतं. बाबांच्या पडद्याचा मध्यभाग झिजला. समोरच्याचा चेहरा म्हणजे धुराचा गोळा, आणि कडेला बसलेल्याचे जोडे मात्र स्पष्ट. असा माणूस तुमच्याकडे बघण्यासाठी मान तिरकी करतो आणि आपल्याला वाटतं त्याचं लक्षच नाही. काचबिंदूत याच्या उलट होतं. कडा गिळत गिळत जाते आणि शेवटी नळीतून पाहिल्यासारखं समोरचं तेवढं उरतं. अशा माणसाच्या समोर, थोडं लांब बसा. अगदी जवळ गेलात तर तुमचं नाकच दिसेल, हात दिसणार नाहीत. मधुमेहानं पडदा खराब झालेल्याला मधेमधे डाग दिसतात, आणि त्याच मधुमेहानं बोटांच्या टोकांची संवेदनाही बोथट होते, त्यामुळे उतारवयात ब्रेल शिकणं त्याला अवघड जातं.

कानातला मळ, मोतीबिंदू, चष्म्याचा जुना नंबर, कानाच्या मशीनचा संपलेला सेल या चार गोष्टी आधी तपासून घ्या. त्या दुरुस्त होतात.

डॉक्टर या जोडदुखण्याला ड्युअल सेन्सरी लॉस म्हणतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत आणि बहुविकलांगतेच्या नोंदीत बधिरांधत्वाचा उल्लेख स्पष्टपणे आहे. प्रमाणपत्र देताना दोन अपंगत्वांची बेरीज सरळ करत नाहीत. सूत्र असं आहे की मोठा आकडा घ्यायचा, तो ९० मधून वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्यानं गुणायचं, ९० नं भागायचं आणि मोठ्या आकड्यात मिळवायचं. दृष्टीचे ४० टक्के आणि श्रवणाचे ३० टक्के असतील तर कागदावर जवळजवळ ५७ होतात. हिशेबाला त्याची कारणं असतील, शंभराच्या वर टक्के जाऊ नयेत हे एक आहेच. पण घरात राहणाऱ्याला दिसतं की ४० आणि ३० मिळून ७० पेक्षा कितीतरी जास्त होतात. गेलेल्या कानाची भरपाई डोळे करत होते, ती थांबली. गेलेल्या डोळ्याची भरपाई कान करू शकले असते, ते आधीच गेलेले.

याच कारणानं नेहमीचे मदतगट या माणसांच्या कामी येत नाहीत. दृष्टिहीनांचा गट कानावर चालतो. तिथे गप्पा असतात, ऐकायची पुस्तकं असतात, बोलणारा फोन असतो. बहिऱ्यांचा गट डोळ्यावर चालतो. तिथे खुणांची भाषा असते, पडद्यावर उमटणारी अक्षरं असतात. दोन्ही कमी असलेला माणूस एकीकडे गेला तर ऐकू येत नाही, दुसरीकडे गेला तर दिसत नाही. बाबा एकदा ज्येष्ठांच्या मेळाव्याला गेले होते. दोन तास टाळ्या वाजल्या की टाळ्या वाजवून परत आले. आल्यावर जेवले नाहीत.

सैनिकांनीच सैनिकांना आधार द्यायचा ही कल्पना जुनी आहे आणि तिची एक शाखा आपल्या देशातही रुजली होती. पहिल्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी १९१५ मध्ये लंडनला सेंट डन्स्टन्स सुरू झालं. ते सुरू करणारे आर्थर पिअर्सन हे वृत्तपत्रांचे मालक, काचबिंदूनं त्यांची स्वतःची दृष्टी गेलेली. आंधळ्या माणसाला आंधळ्या माणसानंच शिकवावं हा त्यांचा आग्रह. त्याच नावाची संस्था दुसऱ्या महायुद्धातल्या भारतीय जवानांसाठी १९४३ मध्ये डेहराडूनला उभी राहिली. तिचे प्रमुख क्लूथा मॅकेन्झी हे न्यूझीलंडचे सैनिक. १९१५ मध्ये तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या लढाईत त्यांचे डोळे गेले होते. भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल असावी या प्रयत्नांतही त्यांचा वाटा होता. डेहराडूनची आजची राष्ट्रीय दृष्टिदिव्यांग संस्था त्याच मुळातून वाढली. अमेरिकेत २८ मार्च १९४५ ला कनेक्टिकटमधल्या पुनर्वसन केंद्रातल्या अंध सैनिकांनी आपली संघटना काढली. पांढरी लांब काठी डावीउजवीकडे टेकवत चालायची जी पद्धत आज जगभर शिकवतात, तीही रिचर्ड हूव्हर यांनी त्याच महायुद्धातल्या अंध सैनिकांबरोबर काम करताना बसवली. त्या काठीवर लाल पट्टे असले तर अनेक देशांत त्याचा अर्थ होतो की या माणसाला ऐकूही येत नाही. आपल्या रस्त्यांवर हे फार थोड्यांना माहीत आहे.

आता आमची बैठक. दर दुसऱ्या रविवारी सकाळी आठ वाजता, आमच्याच पुढच्या खोलीत. पाच फौजी आणि बोलणं पुढे नेणारा एक जण, म्हणून सहा खुर्च्या. याहून जास्त माणसं घेऊ नका असं मी कळकळीनं सांगेन. सातवा माणूस आला की कोपऱ्यातला एक जण गळतो आणि तो गळाला हे कोणाला कळतही नाही, कारण तो "हो, हो" म्हणत असतो.

खोली तयार करायला अर्धा तास लागतो. पंखा आणि कूलर बंद, म्हणून तर सकाळची वेळ. ऐकण्यासाठी कानात लावायचं मशीन हे कान नसतं. ते पंख्याची घरघरही तितक्याच इमानानं मोठी करून देतं. फरशीवरून आवाज घुमतो, म्हणून सतरंजी घालतो आणि भिंतीला दोन गोधड्या टांगतो. दिसायला विचित्र दिसतं, फरक मात्र पहिल्याच मिनिटाला कळतो. खिडकी ऐकणाऱ्यांच्या पाठीशी हवी, म्हणजे उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर पडतो. चौकटीचा किंवा फुलाफुलांचा शर्ट घालायचा नाही, एकरंगी घालायचा, त्यावर हात उठून दिसतात. मेजावर कोरे कागद आणि जाड काळा मार्कर. पोहे-जिलबी शेवटी. आम्ही पहिल्या वेळी ती आधी दिली होती. पोह्यावरची शेव चावताना मशीन लावलेल्याला स्वतःच्या डोक्यातला कुरकुर आवाजच एवढा येतो की बाकी काही ऐकू येत नाही.

आणि एक रबरी चेंडू. तो ज्याच्या हातात असेल त्यानंच बोलायचं. बोलण्याआधी आपलं नाव सांगायचं. झालं की चेंडू फेकायचा नाही, शेजाऱ्याच्या हातात ठेवायचा. डोळ्यांना वक्ता सापडत नाही, कानांना दिशा सापडत नाही, पण चेंडू डावीकडून येतोय हे हाताला समजतं. ज्याला बोलायचं नाही त्यानं तो नुसता पुढे द्यावा, कोणी आग्रह करत नाही. चाळीस मिनिटांनी थांबतो. अर्ध्या शब्दावरून पूर्ण शब्द ओळखत राहणं ही मेहनत आहे, आणि या वयात ती कवायतीपेक्षा जास्त थकवते.

स्पर्शाचं सगळ्यात अवघड वाटलं होतं. पुरुषांनी एकमेकांचा हात धरून बसायचं हे या पिढीला जड जातं. पण खुणांना 'सिग्नल' म्हटलं आणि गाडी सुरू झाली. कोपरापाशी हात ठेवणं म्हणजे मी इथे आहे, तुमच्याशी बोलतोय. न सांगता मागून कधी धरायचं नाही. पाठीवर बोटानं मोठी फुली म्हणजे आणीबाणी, काही न विचारता माझ्याबरोबर चला. ही खूण बधिरांध लोकांमध्ये आधीपासून रूढ आहे, आमच्या पाचही जणांनी ती एका बैठकीत उचलली. दंडावर बोटं भराभर वळवळवली की समजायचं, सगळे हसताहेत. ही मला सगळ्यांत मोलाची वाटते. खोलीत एकदम हलकल्लोळ होतो आणि कशावर ते कळत नाही, तेव्हा माणसाला वाटतं आपल्यालाच हसले.

तळहातावर अक्षरं लिहिणं हा शेवटचा आणि खात्रीचा मार्ग. एका बोटानं, मोठं, एकावर एक, तळहाताच्या मध्यभागी. आमच्या अनुभवात शिरोरेघ दिली की सगळी अक्षरं एकसारखी लागतात, म्हणून ती गाळतो. आधी अक्षर, मग मात्रा, शब्द संपला की तळवा हलकेच पुसायचा. परवा आईनं विचारलं, "भात वाढू का?" बाबांनी "हो" म्हटलं नाही. ताटावरचा उजवा हात तसाच ठेवून डावा तळहात पुढे केला.

या बैठकींत दुःखाची चर्चा फारशी होत नाही. पहिले तीन महिने तर मशीनचीच चालली. उजव्या मशीनवर लाल खूण असते आणि डाव्यावर निळी, पण ज्याला रंगच दिसत नाही त्यानं काय करावं? एकानं उजव्यावर नेलपॉलिशचा जाड ठिपका दिला होता, बोटाला लागणारा. पुढच्या वेळी पाचही जण ठिपका देऊन आले. सेलची बारीक चकती बसवता येत नसेल तर चार्जिंगचं मशीन मागा, हेही एका हवालदारानंच सांगितलं. मग नोव्हेंबरातला पेन्शनीचा हयातीचा दाखला. बोटांचे ठसे झिजलेले, ओटीपी वाचता येत नाही, फोनवर सांगितलेला ऐकू येत नाही. त्यातून कोणावर तरी विसंबावं लागतं आणि तिथेच फसवणूक होते. ओटीपी कोणाला दाखवायचा, त्या एका माणसाचं नाव प्रत्येकानं ठरवून घरात सांगून ठेवलंय.

एकदा मात्र वेगळंच झालं. चेंडू हातात आल्यावर एक जण बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले की त्यांना संध्याकाळी भिंतीवर लहान लहान माणसं चालताना दिसतात, रंगीत कपड्यातली, आवाज न करणारी. घरी सांगितलं नाही, वेडा ठरवतील म्हणून. खोली शांत. बाबांनी चेंडू मागून घेतला आणि म्हणाले, "मला जाळी दिसते. विटांसारखी." वर्षभर त्यांनी आम्हाला हे सांगितलं नव्हतं. याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात. जिनिव्हाच्या बॉनेट यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांबद्दल हे लिहून ठेवलं. डोळ्यांकडून चित्र येणं कमी झालं की मेंदूचा पाहणारा भाग आपणच चित्रं तयार करतो. माणसाला बहुधा कळत असतं की हे खरं नाही. कानांच्या बाबतीतही असं होतं, कोणाला बँड ऐकू येतो, कोणाला भजन. डॉक्टरांना जरूर सांगा, कारण औषधानं, तापानं किंवा दुसऱ्या आजारानंही भास होतात आणि ते वेगळे ओळखावे लागतात. पण हा वेडेपणा नव्हे, हे एका फौजीनं दुसऱ्या फौजीच्या तोंडून ऐकणं आणि मुलीनं समजावणं यात फार फरक असतो. मी तो त्या दिवशी पाहिला.

वेडाचाच शिक्का बाबांवर जवळजवळ बसला होता. एका दवाखान्यात स्मरणशक्तीची चाचणी तोंडी घेतली. पाच शब्द सांगितले आणि परत म्हणायला लावले. बाबा म्हणाले, "हो." कागदावर स्मृतिभ्रंशाची शंका आली. पुढे मशीन लावून, शांत खोलीत, जाड अक्षरात लिहून तीच चाचणी घेतली तेव्हा पाचही शब्द आले. आता बाबांच्या खिशात एक कार्ड असतं : "मला कमी दिसतं आणि कमी ऐकू येतं. समोर या, हाताला स्पर्श करा, सावकाश बोला, जाड अक्षरात लिहा." दवाखान्यात जाताना असं कार्ड प्रत्येकाकडे हवं. दुसरी बाजूही खरी आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे १४ धोके सांगितले, त्यात बहिरेपणा आणि उपचार न केलेली अधू दृष्टी दोन्ही आहेत. म्हणून 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका.

पुरुष पुढच्या खोलीत असतात तेव्हा बायका स्वयंपाकघरात. हे आम्ही ठरवलं नव्हतं, झालं. तिथे चेंडू लागत नाही. एकच वाक्य दिवसातून पाच वेळा ओरडून सांगून घसा बसलेल्या, रात्री नवरा अंधारात पडेल म्हणून कान टवकारून झोपणाऱ्या या बायका. डोळे आणि आतला कान मिळून तोल सांभाळतात, त्यामुळे पडण्याची भीती खरीच असते. आई म्हणते, "इथे आल्यावर मी हळू आवाजात बोलते." घरातल्या कोणाचं मन फारच खचलं असेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. ज्याला फोन ऐकू येत नाही त्याच्या वतीनं घरच्यांनी करावा.

तुमच्या भागात असं काही सुरू करायचं असेल तर माणसं शोधणं सोपं आहे. ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना १ एप्रिल २००३ पासून चालू आहे. तिच्या पॉलिक्लिनिकच्या बाकावर सकाळी तासभर बसा, कॅन्टीनच्या रांगेत बघा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. जो प्रत्येक प्रश्नाला "हो" म्हणतोय तो तुमचा माणूस. दिव्यांग ओळखपत्रासाठी अर्ज करताना डोळे आणि कान दोन्हींची तपासणी मागा. फक्त एकाचं प्रमाणपत्र घेऊन थांबलेले पुष्कळ भेटतात. स्पर्शाच्या भाषेचं शिक्षण हवं असेल तर अहमदाबादची सेन्स इंटरनॅशनल इंडिया १९९७ पासून आणि मुंबईची हेलन केलर संस्था १९७७ पासून बधिरांध लोकांसाठी काम करतात. त्यांचं बरंच काम लहान मुलांसोबतचं आहे, पण तळहात सगळ्यांचा सारखाच. फोनवर बोललेलं मोठ्या अक्षरात उमटवणारी ॲप आता मराठीतही चालतात. काळ्या पडद्यावर पांढरी, जाड अक्षरं ठेवा, एका ओळीत तीन-चार शब्द.

येत्या रविवारी महूहून एक नवे हवालदार येणार आहेत. आमच्यातले एक जण सध्या मुलाकडे पुण्याला गेलेत, त्यांची खुर्ची रिकामी आहे. या हवालदारांचं दिसणं आणि ऐकणं दोन्ही जवळजवळ पूर्ण गेलंय, चेंडू आणि मार्कर त्यांना पुरणार नाहीत. त्यांच्या शेजारी कोणीतरी बसून सगळी बैठक हातावर लिहावी लागेल. बाबांचा नववीतला नातू हे काम करणार म्हणतो. तो गेला आठवडाभर रोज संध्याकाळी आमच्याकडे येतो, बाबांचा तळहात घेतो आणि शिरोरेघ न देता लिहायचा सराव करतो. 'झ' अजून जमत नाही. बाबा हात मागे घेत नाहीत, बोटं मिटत नाहीत, नुसतं म्हणतात, "परत."